जुनी मराठी फाइल उघडत नाही, किंवा उघडते पण वाचता येत नाही: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या पडद्यावर दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- फाइल उघडते, पण मराठीऐवजी रोमन अक्षरं, अर्धविराम, कंस आणि डोक्यावर टिंबं असलेली युरोपीय अक्षरं यांची रांगच्या रांग दिसते.
- मराठी दिसतं, पण मोडलेलं. ‘सूर्य’चं ‘सूयर्’ झालेलं असतं, ‘स्थिती’ची ‘स्िथती’.
- पीडीएफ पडद्यावर सुबक दिसतं. त्यातलं एक वाक्य उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवलं की अगम्य चिन्हं येतात. शोध घेतला तर काहीच सापडत नाही.
- डबल क्लिक केल्यावर संगणक विचारतो, ‘ही कशात उघडू?’
- पानं उघडतात, पण फोटो धूसर दिसतात किंवा त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी असतात.
- सीडीवर फाइलींची यादी दिसते, कॉपी मात्र अर्ध्यावर अडते.

मी १९९७ साली गिरगावातल्या एका छोट्या डीटीपी केंद्रात, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावून देणाऱ्या दुकानात, पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामवर बसले. दिवाळी अंक, मंडळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तकांची प्रूफं, सगळं केलं. गेली बारा-तेरा वर्षं माझ्याकडे येणारं निम्मं काम एकाच प्रकारचं आहे: त्या काळातल्या फाइली घेऊन लोक येतात आणि म्हणतात, ‘ताई, हे उघडत नाही.’ वडिलांचं पुस्तक पुन्हा छापायचं असतं, मंडळाचा सुवर्णमहोत्सव असतो, लेखिकेला समग्र कथा काढायच्या असतात. यातल्या बहुतेक फाइली खराब झालेल्याच नसतात. फाइल ज्या कुबड्यांवर उभी होती, त्यातली एखादी निसटलेली असते: प्रोग्राम, फॉन्ट, लॉक (संगणकाला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू न देणारी छोटी डबी), नाहीतर सीडी. कुठली कुबडी गेली ते शोधायचं, एवढंच हे निदान. मराठी मजकुरात सगळ्यात आधी फॉन्ट जातो.

सगळ्यात आधी: सेव्ह करू नका

यात खर्च शून्य आहे, आणि नुकसान मात्र सर्वात जास्त इथेच होतं. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा, त्या फोल्डरला ‘मूळ’ असं नाव द्या, आणि पुढचं सगळं दुसऱ्या कॉपीवर करा. बंद करताना प्रोग्राम ‘बदल जतन करू का?’ असं विचारेल. उत्तर ‘नाही’.

कारण असं. जुनी फाइल नव्या प्रोग्राममध्ये उघडली आणि तिचा फॉन्ट सापडला नाही, तर प्रोग्राम दुसरा फॉन्ट लावून मोकळा होतो. काही प्रोग्राम मूळ फॉन्टचं नाव आत टिकवतात, काही टिकवत नाहीत. त्या अवस्थेत सेव्ह केलं आणि नाव पुसलं गेलं, तर ती रोमन खिचडी कुठल्या कोष्टकाने वाचायची, म्हणजे कुठल्या चिन्हाच्या जागी कुठलं मराठी अक्षर, याचा एकमेव धागा तुटतो. माझ्याकडे एक स्मरणिका अशीच आली होती. कुणीतरी काळजीपोटी सगळ्या फाइली ‘नव्या वर्डमध्ये’ सेव्ह करून जुन्या पुसून टाकल्या होत्या. दोन आठवडे अंदाजाने चार फॉन्ट लावून पाहावे लागले.

खराबी फाइलची की सीडीची?

पाच मिनिटांचं काम. सीडी किंवा पेनड्राइव्हवरून फाइल हार्ड डिस्कवर आणा आणि तिचा आकार पाहा. शून्य बाइट असेल, किंवा कॉपी अडत असेल, तर फॉरमॅटचा प्रश्न अजून सुरूच झालेला नाही; प्रश्न माध्यमाचा आहे. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. अडणारी सीडी पुन्हा पुन्हा घालून ड्राइव्हला झगडायला लावू नका. दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये एकदा घालून पाहा. एक ड्राइव्ह वाचत नाही ती सीडी दुसरा वाचतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मुंबईच्या पावसाळी हवेत ठेवलेल्या सीडीवर, आणि त्याहून जास्त व्हिडिओ कॅसेटवर, बुरशी येते. पांढुरकी जाळी दिसली तर ती वस्तू यंत्रात घालू नका. बुरशी आलेली कॅसेट यंत्राचं डोकं खराब करते आणि मग पुढच्या चांगल्या कॅसेटलाही तेच भोगावं लागतं.

ही फाइल खरोखर कोण आहे?

फाइलच्या नावाचं शेपूट खोटं असू शकतं. सीडीवर लिहिताना नावं कापली गेलेली असतात, कुणी हाताने बदललेली असतात. खरी ओळख आत असते, पहिल्या काही अक्षरांत. फाइलची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा, फक्त बघा, आणि बंद करा. सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि त्याला लागून पीडीएफ ही तीन रोमन अक्षरं असतील तर ते पीडीएफ आहे, नाव काहीही असो. ‘पीके’ ही दोन रोमन अक्षरं दिसली तर आत झिप आहे. आजची वर्डची डॉकएक्स फाइल आणि लिबरऑफिसची ओडीटी फाइलही आतून झिपच असते.

शंभर-दोनशे फाइलींचा ढीग असेल तर हे हाताने करत बसू नका. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००२ पासून ‘प्रोनॉम’ नावाची फॉरमॅटांची नोंदवही चालवली आहे, आणि तिच्या आधारे फाइली ओळखणारं ‘ड्रॉइड’ हे साधन फुकट दिलं आहे. फोल्डर दाखवला की ते प्रत्येक फाइलची आतली खूण वाचून यादी काढतं. धोका किती याचा अंदाज बांधायचा तर आधी ही यादी हातात हवी. ‘आमच्याकडे चाळीस सीडी आहेत’ हे उत्तर नाही. त्यात पेजमेकरच्या किती, वर्डच्या किती, आणि ओळखूच न आलेल्या किती, हे उत्तर आहे.

लग्नाच्या व्हीसीडीचं एका ओळीत: त्यातली ‘डॅट’ फाइल म्हणजे आतून एमपेग-१ व्हिडिओ असतो आणि व्हीएलसी हा फुकट प्रोग्राम तो सरळ चालवतो. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

फॉन्ट

इथे जरा थांबू या, कारण मराठीचं खरं दुखणं इथे आहे.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरी होती. पण घरोघरच्या संगणकावर ती विंडोज २००० पासून आली, आणि पेजमेकरला युनिकोड कधीच आलं नाही. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, सात, २००१ ची. २००४ मध्ये ॲडोबी या त्याच्या कंपनीने त्याचा विकास थांबवला. छापखान्यांत तो त्यानंतरही कितीतरी वर्षं चालला. म्हणजे आपण पंधरा-वीस वर्षं जे मराठी टाइप केलं, ते संगणकाच्या लेखी मराठी नव्हतंच. रोमन अक्षरांच्या घरांत फॉन्टवाल्यांनी ‘क’चा दंड, अर्धा ‘स’, वेलांटी, रफार असे तुकडे भरले होते. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, सी-डॅकचा योगेश, प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने. फॉन्ट आहे तोवर ते मराठी. फॉन्ट नाही की त्या घरांतली मूळ रोमन चिन्हं उघडी पडतात.

म्हणून रोमन खिचडी दिसली की घाबरू नका. मजकूर शाबूत आहे. त्या मजकुरावर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत कुठलं नाव दिसतं ते कागदावर लिहून घ्या. आकड्यांसकट. एकाच घराण्याच्या फॉन्टमध्ये वेगवेगळ्या पिढ्यांची कोष्टकं वेगळी असू शकतात, तेव्हा नुसतं ‘श्रीलिपी आहे’ म्हणून भागत नाही. मग तो फॉन्ट शोधा: जुन्या संगणकाच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, त्याच सीडीवर, ज्याने काम केलं त्या ऑपरेटरकडे. चांगले ऑपरेटर छपाईला फाइल देताना सोबत फॉन्टचा फोल्डर द्यायचे, तो आधी बघा. फॉन्ट बसवला की पन्नास टक्के वेळा काम तिथेच संपतं.

सॉफ्टवेअरचा लॉक हरवला म्हणून हताश होऊ नका. लॉक लागायचा तो मजकूर टाइप करण्यासाठी. फॉन्ट बसवलेला असेल तर नुसतं वाचायला बहुधा लागत नाही. पण लॉक सापडला तर तो फेकूही नका, पुढे सांगते का ते.

एक अडचण. जुन्या मॅकवर काम करणाऱ्यांकडे पोस्टस्क्रिप्ट टाइप-१ या जुन्या प्रकारचे फॉन्ट असायचे. ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या प्रोग्राममधला त्यांचा आधार काढून घेतला. असे फॉन्ट फोल्डरमध्ये असूनही नव्या इनडिझाइनमध्ये (ॲडोबीचा पानं लावायचा आजचा प्रोग्राम) दिसत नाहीत, आणि लोकांना वाटतं फॉन्टच खराब झाला.

फुकट प्रोग्राम

फॉन्ट हाताशी असला आणि प्रोग्राम नसला, तर काही विकत घेण्याआधी लिबरऑफिस बसवा. जुन्या वर्डच्या फाइली तर ते उघडतंच, पण २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइलीही त्याच्या ‘ड्रॉ’मध्ये उघडतात, आणि कोरलड्रॉच्या त्याआधीपासून. पानाची मांडणी जशीच्या तशी येईल अशी अपेक्षा नको. मजकूर हाती येतो, आणि बहुतेकांना तोच हवा असतो.

फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या जुन्या प्रोग्राममधल्या हिशेबाच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिसच्या ‘कॅल्क’मध्ये उघडतात. परळच्या एका गृहनिर्माण सोसायटीची सभासदांची जुनी नोंद मी अशीच मिळवून दिली. तिथे शेरे मात्र रिकामे आले, कारण मोठा मजकूर सोबतच्या वेगळ्या फाइलीत असतो आणि ती कुणी कॉपी केली नव्हती. फोल्डर नेहमी अख्खा उचला.

फोटो धूसर दिसण्याचं कारणही तेच. पेजमेकर मोठी चित्रं सहसा पोटात घेत नाही. चित्र कुठे आहे याचा पत्ता आणि एक छोटी झलक एवढंच ठेवतो. नुसती पानांची फाइल सीडीवर टाकली आणि चित्रांचा फोल्डर संगणकातच राहिला, की झलक तेवढी उरते. ती छपाईला कधीच पुरत नाही. चित्रांच्या मूळ टिफ फाइली शोधा, नाही मिळाल्या तर छापील अंकावरून स्कॅन करा.

युनिकोडमध्ये बदल

कन्व्हर्टर भरपूर मिळतात, फुकटही. त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमाने टाइप व्हायची: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. कन्व्हर्टरला हे दोन्ही उलटवावे लागतात, आणि जोडाक्षर लांब असलं की तो चुकतो. ‘सूयर्’ आणि ‘स्िथती’ हे त्याचेच नमुने.

या चुका निदान डोळ्यांना टोचतात. न टोचणाऱ्या चुका जास्त घातक. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले कन्व्हर्टर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ करतात. दोन्ही खरे शब्द, शब्दतपासणी दोन्ही पास करते, आणि सह्याद्रीच्या वर्णनात समुद्र येतो. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांचंही तेच. म्हणून बदललेल्या मजकुरात ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहा; ‘ऱ्हास’, ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ असे शब्द तिथेच सापडतात. ‘ॲ’चंही बघा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्रपणे आलं. त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवायचे. दिसायला सारखं, पण शोधताना संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका पुस्तकात एकच पद्धत ठेवा. तक्त्यांतले आकडेही ताडून पाहा, काही फॉन्टमध्ये आकड्यांच्या घरांत अक्षरं होती.

छापील प्रत शेजारी ठेवून एक प्रूफ वाचल्याशिवाय असा मजकूर छपाईला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. यात वेळ जातो, पण लेखकाचा शब्द आपल्या हातून बदलू नये.

जुनं घर पुन्हा उभारणं

इथून पुढे खर्च आणि कटकट दोन्ही वाढतात. मांडणीसकट पानं हवीत, तर पेजमेकर सहा आणि त्यापुढच्या फाइली इनडिझाइन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडतात. नंतरच्या सीसी आवृत्त्यांनी ते दार बंद केलं. सीएस६ मध्ये युनिकोड देवनागरीही नीट चालतं. म्हणून तो दोन काठांमधला पूल आहे, आणि ज्या केंद्रात तो अजून जिवंत आहे त्यांना मी सांगते, तो संगणक भंगारात देऊ नका.

दुसरा मार्ग म्हणजे आभासी यंत्र, संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक: व्हर्च्युअलबॉक्ससारख्या फुकट प्रोग्राममध्ये विंडोज एक्सपी बसवून त्यात जुना पेजमेकर चालवायचा. १६ बिटचे अगदी जुने प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालतच नाहीत, त्यांना हाच रस्ता. या एक्सपीला इंटरनेट देऊ नका, त्याच्या सुरक्षेची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच थांबवली. आणि तुमचा लॉक प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टवर बसणारा असेल, तर आभासी यंत्रात तो सहसा चालत नाही. तिथे खरा जुना संगणक लागतो. लॉक जपून ठेवा म्हटलं ते यासाठी.

कुठे थांबायचं

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. ‘एकदाच बघू’ म्हणून चालू केलेली डिस्क कायमची गेलेली मी पाहिली आहे. लॅमिंग्टन रोडवर डेटा काढून देणारे भेटतात, पण डिस्क उघडण्यासाठी त्यांच्याकडे धूळमुक्त खोली आहे का हे आधी विचारा, आणि नसेल तर ती तिथे उघडू देऊ नका.

बुरशी आलेली एकमेव प्रत, तडा गेलेली सीडी, पासवर्ड विसरलेली फाइल, कोर्टात दाखवायचा दस्तऐवज: या चारही ठिकाणी स्वतः प्रयोग करू नका. शेवटच्या प्रकारात तर नुसत्या उघडण्यानेही फाइलच्या तारखा बदलू शकतात, तेव्हा आधी वकिलाला विचारा.

आणि एक थांबा वेगळा. तीन दिवस खपून फॉन्ट मिळाला नाही, आणि पुस्तकाची छापील प्रत हाताशी आहे, तर फाइलचा नाद सोडा. ४०० डीपीआयला स्कॅन करा, टेसरॅक्टसारख्या मराठी ओळखणाऱ्या ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं वाचून मजकूर करणारा प्रोग्राम) काढा आणि प्रूफ वाचा. छापील प्रत घरात नसेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा. १९९९ चा दिवाळी अंक माझ्या सीडीवरून उघडला नाही, कपाटातल्या कागदावरून मात्र सहज वाचता आला, हे माझ्या बाबतीत एकदा नाही, चारदा झालं आहे.

अजून उघडतंय, पण किती दिवस?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तो विचारायची वेळ मात्र फाइल उघडत असतानाच असते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने फॉरमॅट किती टिकेल हे जोखण्यासाठी सात कसोट्या मांडल्या आहेत. मी त्या आपल्या कामापुरत्या अशा विचारते: याचा आतला आराखडा जाहीर आहे का? लोक अजून वापरतात का? साध्या नोटपॅडमध्ये काही वाचता येतं का? बाहेरच्या किती गोष्टींवर, फॉन्ट, चित्रं, लॉक, विशिष्ट विंडोज, हे टेकलेलं आहे? त्यावर कुलूप किंवा पासवर्ड आहे का?

श्रीलिपीत टाइप केलेली, चित्रं बाहेर असलेली पेजमेकरची फाइल पहिल्या चारही प्रश्नांत नापास होते. ती या महिन्यात हाती घ्या. जुन्या फॉन्टमधली वर्डची फाइल त्यानंतर. प्रोग्राम टिकेल, फॉन्ट टिकणार नाही. युनिकोडमधली वर्ड किंवा ओडीटी, टिफ, वेव्ह यांची घाई नाही. ओडीटी ज्यात मोडते ते ओडीएफ २००६ पासून आणि डॉकएक्सचा आराखडा २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे.

पीडीएफबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. फाइल गुणधर्मांत ‘फॉन्ट्स’ उघडून प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ लिहिलंय का पाहा. नसेल, तर दुसऱ्या संगणकावर ते पीडीएफही मोडेल. जपणुकीसाठीचं पीडीएफ/ए हे २००५ चं मानक फॉन्ट पोटात घ्यायला लावतं, पण त्याची ‘बी’ पातळी फक्त दिसण्याची हमी देते, अक्षरं उचलता येतील याची नाही. तेव्हा जुन्या फॉन्टचं पीडीएफ/ए केलं तरी ते शोधता न येणारं चित्रच राहतं. माझा नियम: दिसण्यासाठी पीडीएफ/ए, वाचण्या-शोधण्यासाठी शेजारी युनिकोडमधली साधी मजकूर फाइल. दोन्ही ठेवा.

फोल्डरची रचना मी आता सगळ्यांना हीच देते. ‘मूळ’ फोल्डर, ज्याला कुणी हात लावायचा नाही. ‘फॉन्ट’, ‘चित्रं’, ‘पीडीएफ’, ‘युनिकोड’. आणि एक मजकूर फाइल ‘आधी वाचा’, जिच्यात कुठल्या प्रोग्रामची कुठली आवृत्ती, फॉन्टचं पूर्ण नाव, काम कुणी आणि कधी केलं, कन्व्हर्टर कोणता, प्रूफ कुणी वाचलं, हे सगळं साध्या वाक्यांत. दोन प्रती, दोन घरांत, आणि त्यातली एक तळमजल्यावर नको.

तपासणीसाठी मी दिवाळीनंतरचा आठवडा ठेवला आहे, तेव्हा छापखान्यांची धावपळ संपलेली असते. प्रत्येक फोल्डरमधली एक फाइल उघडायची, एक वाक्य उचलून नोटपॅडमध्ये चिकटवायचं, आणि ते मराठीतच उतरतंय ना ते पाहायचं.